दोन नंबरचा रिमोट

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. टीव्हीचा नाही हं, गेमचा. दोन्ही हातांत धरायचा आणि अंगठ्यांनी चालवायचा. माझ्या डाव्या अंगाला एक छोटी दांडी आहे. कोणी हात लावला नाही तरी ती आपोआप डावीकडे कलते. मृदंगावर थाप पडली की टाळकऱ्याचे पाय जागेवर ठरत नाहीत, तसं माझं झालं आहे. फरक इतकाच, की त्यांची हालचाल तालात असते आणि माझी बेताल.

कुठल्या कारखान्यात घडलो ते मला आठवत नाही. आठवतो तो भरतभाऊंचा ट्रक. हैदराबादहून परतताना त्यांनी गेमचा डबा आणि आम्हा दोन जुळ्या रिमोटांना पांढरकवड्याजवळच्या तांड्यावर आणलं. त्या गेमात निरनिराळ्या गेममधले लढवय्ये एकाच मैदानात उतरतात. तलवारवाला येतो, अस्वल येतं, आगीचे गोळे फेकणारी बाई येते. मैदानाच्या कडेवरून जो खाली पडला, तो हरला.

तेव्हा मी भरतभाऊंच्या मुलाच्या, जीवनच्या हातात असायचो. "हा आपला लकी रिमोट," असं तो सगळ्यांना सांगायचा. मग एकदा तो मित्राकडून, भावसिंगकडून, हरला आणि रागाच्या भरात त्यानं मला फरशीवर आदळलं. त्या दिवशी माझी दांडी बिघडली. मी आता लकी राहिलो नाही म्हणून जीवननं माझा जुळा भाऊ, एक नंबरचा रिमोट, घेतला आणि मी, दोन नंबरचा, त्याच्या धाकट्या बहिणीच्या, राखीच्या वाट्याला आलो.

दोन वर्षं राखी हरत राहिली. ती पुढे जाऊ बघायची, मी मागे ओढायचो. रिमोट खराब आहे म्हणाली की जीवन हसायचा. "नाचता येईना, अंगण वाकडं." मित्रांनो, स्थिर राहण्यासाठी मी किती तळमळलो म्हणून सांगू. जमलं नाही.

यंदा जीवनला नागपुरात प्रवेश मिळाला. गेम वसतिगृहात नेतो म्हणाला. राखीचा जीव कासावीस झाला.

"तीन डाव खेळू," ती म्हणाली. "मी जिंकली तर गेम इथंच राहीन."

"जिंकलीच तर," जीवन म्हणाला.

पहिला डाव ती हरली. तेवढ्यात त्यांची बिजलीबाई काकी काल्याचं कीर्तन ऐकून आली. दोघांच्या हातावर लाह्यांचा प्रसाद ठेवून ती टीव्हीकडे बघत बसली.

"काहून रे जीवन, हे येगयेगळ्या गावचे लोक एका मांडवात कसे आले?"

"काकी, सगळ्या गेममधले एकत्र केले यात."

"म्हणजे काला झाला." काकीनं मान डोलावली. "मंग तुमचे रिमोट काहून येगळे? काल्यात ज्याची शिदोरी त्यानंच खाल्ली, असं असते का कुठं? बदला."

"अवो काकी, तो कीर्तनातला काला. हा गेम होय."

"मले काला शिकवतो का? बदल म्हटलं ना."

काकीपुढे कोणाचं चालतं! मी दोन वर्षांनी जीवनच्या हातात गेलो. त्याचा तलवारवाला आपसूक मागे सरकला आणि धडपडत खाली पडला. डाव एक-एक झाले.

"आता माझा मले दे," जीवन हात पुढे करून म्हणाला. मला त्यानं चटईवर ठेवलं. राखीनं एक नंबरचा रिमोट पुढे केला. तिसरा डाव सुरू झालाच होता. मला कोणाचं बोटही लागलेलं नव्हतं, तरी पडद्यावरचा तलवारवाला एकटाच डावीकडे चालत निघाला. तिघंही बघत राहिले. तो कडेवरून खाली गेला.

जीवननं हात मागे घेतला. "राहू दे. हा डाव धरायचा नाही. मी हाच घेऊन खेळतो."

तो डाव लांबला. मला उजवीकडे रेटता रेटता त्याचा अंगठा लाल झाला. पण शेवटी राखीच्या अस्वलानं त्याला ढकललंच.

"दोन वर्षं हाच होता तुह्याजवळ?" त्यानं विचारलं.

"हो."

"अन् मीच आदळला होता," तो हळूच म्हणाला.

जीवन नागपूरला गेला. गेम इथंच आहे.

मित्रांनो, राग आला तर आम्हांला आदळू नका. तुमचा राग घडीभरात जातो, आमचं दुखणं राहून जातं. आणि शेजारचा सारखा हरत असेल, तर हसण्याआधी त्याच्या हातात काय आहे, ते एकदा आपल्या हातात घेऊन बघा.

आता राखीची मैत्रीण नयन तिच्याकडे खेळायला येते. दर डावाला दोघी रिमोट बदलतात. मी अजून डावीकडेच ओढतो, पण दोघींना सारखाच.