कान असलेला ग्लास

भय्यासाहेबांनी ग्लास उजेडात धरून पाहिला आणि परत फळीवर ठेवला.

"यह नहीं. इसे कान नहीं है."

"बाबूजी, बियर के गिलास तरह तरह के होते हैं," दुकानदार म्हणाला. "यह लंबा देखिए, झाग देर तक टिकता है. यह डंडीवाला. साहब लोगों के क्लब का माल है, अब ऐसा नहीं आएगा."

मेल्यानं बियर हा शब्द टावर चौकात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं उच्चारला! भय्यासाहेबांनी टोपी पुढे ओढली. रोज पहाटे राम घाटावर संध्या करणारा माणूस. ओळखीच्या कुणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं. पण दिवाळी तोंडावर आली होती आणि श्रीनाथ घरी येणार होता.

पाच वर्षांमागे मुलगा विलायतेहून इंजिनियर होऊन आला, तेव्हा त्याच्या पेटीतून असाच एक ग्लास निघाला होता. जाडजूड, अंगभर खळगे, एका बाजूला कपासारखा कान. शेजारचे यज्ञेश्वरपंत सगळं ठाऊक असल्याच्या थाटात म्हणाले, "हा बियरचा हो." झालं! श्रीनाथ काही सांगू पाहत होता, ते ऐकतो कोण? भय्यासाहेबांनी ग्लास अंगणातल्या फरशीवर आपटला. पोरगाही बापाचाच. म्हणाला, "भैरवगढला देवाला दारू चालते, आणि आपल्याकडे नुसती काच चालत नाही!" त्यावर भय्यासाहेबांचा हात उठला.

तो नागपूरला नोकरीवर गेला तो फिरकलाच नाही. "दोन ओळी तरी लिहा हो," म्हणून त्याची आई अनसूयाबाई थकल्या. यांनी लिहिल्या नाहीत. आता नवं राज्य होऊन त्याचं ऑफिस भोपाळला आलं, आणि आईखातर तो एका दिवसासाठी येतो म्हणाला.

चुकलं म्हणणं भय्यासाहेबांना जन्मात जमलं नव्हतं. ग्लास आणणं जमेल असं वाटलं.

अखेर तळच्या खोक्यातून कानवाला निघाला. हुबेहूब तोच. भय्यासाहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"जोड़ी ले जाइए, बाबूजी."

"नहीं भाई, एक ही. घर में और कौन पीनेवाला बैठा है!"

दिवाळीच्या दिवशी जेवायला बसताना श्रीनाथला आपल्या ताटाशी तो रिकामा ग्लास दिसला.

"हा कुणी आणला?"

"मी," भय्यासाहेब खाली बघत म्हणाले. "तुझा फुटला होता ना. तुला हवं ते पी. मी काही बोलणार नाही."

श्रीनाथ उठला, स्वयंपाकघरात गेला, ग्लास ताकानं काठोकाठ भरून घेऊन आला आणि वडिलांच्या ताटाशी ठेवला.

"तोही तुमच्यासाठीच आणला होता, नाना. पितळेच्या पेल्यात ताक कळकतं म्हणून रोज कुरकुरायचात. तिथे हा दिसला, म्हटलं यात नानांचं ताक मनासारखं मावेल. बियरचा तर बियरचा."

"मग तेव्हाच का नाही बोललास रे?"

"बोलत होतो, नाना."

भय्यासाहेबांनी ग्लास उचलला. ताक गार होतं, गोड होतं. पाच दिवाळ्या या एका गोष्टीपायी घालवल्या, या विचारानं जीव नुसता कासावीस झाला. समोर श्रीनाथ त्यांच्याच जुन्या पितळेच्या पेल्यातून ताक पीत होता. कळकलेलं असणार, तरी तो पीतच राहिला.

"जोडी घ्यायला हवी होती," भय्यासाहेब म्हणाले.