हात मांडीवर

शुभा दमली होती, आणि खरं सांगायचं तर बुद्धिबळानेच दमली होती. दिवसभर पवईच्या ऑफिसात मान मोडून काम करायचं, मुलुंडला येऊन कुकर लावायचा आणि मग लॅपटॉप उघडून कुठल्या तरी अनोळखी पोराकडून हरायचं. कोणी सांगितलेत नसते उद्योग? पण नाद म्हणजे नाद.

हा नाद लावला सासऱ्यांनी. नवरा देवव्रत पट मांडला की पेंगायला लागायचा, म्हणून अण्णांनी सुनेलाच समोर बसवलं. अण्णा स्वतः बागेतल्या कट्ट्यावरचे खेळाडू. तिथे दोघं खेळतात आणि बाकीचे ओरडतात. गप्प राहून डाव बघणाऱ्याला तिथे कोणी विचारत नाही.

ऑनलाइन खेळायला लागल्यावर वर्षभर शुभाचं रेटिंग जागचं हललं नाही. शेवटी तिने लाज सोडून आपले हरलेले डाव एकेक करून तपासले. रोग एकच निघाला: डोक्याआधी हात चालायचा. मग तिने पाच मिनिटांचे डाव सोडले आणि स्वतःला नियम घातला. खेळी सुचली की माउस सोडायचा, हात मांडीवर ठेवायचा, पुन्हा एकदा बघायचं. कंटाळवाणा प्रकार हो! पण रेटिंग चढलं. इतकं, की उपनगरांच्या ऑनलाइन स्पर्धेत रविवारचा शेवटचा डाव जिंकला तर मुलुंडच्या संघात तिची जागा पक्की होती. ऑफिस आणि घर सोडून तिला कशासाठी तरी कोणी निवडेल, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ती जागा तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

कॅमेरा चालू, माइक चालू, खोलीत दुसऱ्या कोणाचा आवाज नको, असा स्पर्धेचा नियम. "अण्णा, दार उघडायचं नाही हं," तिने बजावलं.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" अण्णा फुरंगटले.

डाव झकास चालला होता. हत्ती पुढे सरकवला की समोरच्याचा वजीर अडकत होता. शुभाने हात मांडीवर ठेवला, पुन्हा पाहिलं. बरोबर होतं.

तेवढ्यात कांजूरच्या कचरा डेपोचा वास सुटला आणि अण्णा खिडकी लावायला आत आले. पाय न वाजवता आले बिचारे. खिडकी लावली, आणि जाता जाता नजर पडद्यावर गेली. कट्ट्यावरचा माणूस, तोंड दाबून दाबणार किती?

"अगं, घोडा! घोड्याने शह दे!"

आणि शुभाच्या हाताने शह दिला.

अरे देवा! हत्ती डोळ्यासमोर असताना! तो शह फुकटचा होता, समोरचा वजीर अलगद सुटला. त्याचंही एक वेळ सोडा. नुसता आवाज आला असता तर पंचांनी ताकीद देऊन सोडलंही असतं. पण सांगितलेलीच खेळी झाल्यावर कोणत्या तोंडाने बोलणार? पडद्यावर निरोप आला: बाहेरून मदत घेतली, डाव प्रतिस्पर्ध्याला.

शुभाने लॅपटॉप मिटला. जागा गेली. ओरडायलाही अंगात त्राण नव्हतं. अण्णा खिडकीशीच उभे होते, चेहरा पार उतरलेला.

"माझ्यामुळे गेला ना गं?"

तिने चार्जरची वायर गुंडाळायला घेतली.

"पण घोडा बरोबर होता ना?"

भाजीतलं मीठ असो, देवव्रतची बदली असो, नाहीतर तिने सोडलेली नाशिकची बढती असो. अण्णांच्या प्रत्येक 'बरोबर ना?'ला ती लग्न झाल्यापासून 'हो अण्णा' म्हणत आली होती. आताही ते अगदी ओठांवर आलं. तिने हात मांडीवर ठेवला.

"नाही अण्णा. चूक होता. मला हत्ती दिसला होता."

अण्णा बघतच राहिले. "मग घोडा खेळलीस कशाला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."