भिंतीकडची खुर्ची

सचिव
|
आयुक्त
|
(रिकामी चौकट)

हरकरेसाहेब, या रिकाम्या चौकटीत तुम्ही होतात. नाव लगेच लिहिलं नाही. चौकट पेन्सिलीनं काढली होती.

मी दीक्षा गजभिये. राज्याची सुटी सुटी संचालनालयं, मंडळं, कार्यालयं गोळा करून त्यांचे मोजके विभाग करायचं ठरलं, आणि मसुदा करायचं काम नागपूरच्या पुनर्रचना कक्षात माझ्याकडे आलं. सही सचिवांची. पण कोण कोणाच्या खाली, ती रेघ आधी माझ्या टेबलावर ओढली जाते.

तुमचं लघु साठवण संचालनालय. गावतळी, बंधारे. संचालक उन्मेष हरकरे, थेट सचिवांशी बोलणारे. आढावा बैठकीत टेबलाशी बसणारे, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेल्या खुर्चीत.

टेबल कोणाला, ते तुम्हाला काय सांगायचं, पण लिहिते. ज्याचं कार्यालय स्वतंत्र, तो टेबलाशी. ज्याचं कोणाच्या अधीन, तो मागे, भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर, मांडीवर फाइल घेऊन. हे कुठल्याही नियमात नाही. तरी कोणी चुकत नाही.

मी एकदा चुकले.


भिंत

नऊ वर्षं झाली. मी तुमच्याकडे नवीन होते. बैठकीचं सगळं सादरीकरण मी केलेलं. भिंतीकडच्या खुर्च्या भरल्या होत्या, टेबलाशी एक रिकामी होती, बसले. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि हसून म्हणालात,

"मॅडम, ती खुर्ची कोट्यातून मिळत नाही."

हसले लोक. सगळे नाही, पण पुरेसे. मी उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिले. तुमचे आकडे चुकले तेव्हा तिथूनच दुरुस्त करून दिले.

टेबलाच्या पलीकडून सिंधूताई बागडे उठल्या. विहीर जल तपासणीच्या संचालक, कन्हानच्या. आपली टॉवेलवाली खुर्ची त्यांनी फरशीवरून खरडत, मुद्दाम आवाज करत, भिंतीपर्यंत ओढत आणली.

"बस वं पोरी." मग तुमच्याकडे वळून, "मी उभी राहतो साहेब. माह्या गुडघ्याले सवय आहे."

तुम्ही पुढचा विषय घेतलात.


संत्रा बर्फी

मसुदा चालू असताना तुम्ही कक्षात आलात. डबा टेबलावर ठेवलात.

"मॅडम, आमचं संचालनालय स्वतंत्रच राहू द्या. कामाचं स्वरूपच वेगळं आहे हो."

समोर दोन खुर्च्या होत्या. मी बसा म्हणाले नाही.

"आपण याआधी कुठे भेटलोय का?" तुम्ही विचारलंत.

तुम्हाला खरंच आठवत नव्हतं. नाटक असतं तर मी कदाचित

नाही. तरीही केलं असतं.

तुम्ही गेल्यावर एक ओळ लिहिली: दोनशेपेक्षा कमी पदं असलेलं कोणतंही संचालनालय स्वतंत्र राहणार नाही. तुमची पदं त्याच्या जरा खाली. शिंप्यानं माप घ्यावं तशी ओळ होती. बर्फी शिपायाला दिली.


पण

त्या ओळीत आणखी एक कार्यालय सापडत होतं. तुमच्याहून कितीतरी लहान, म्हणून तुमच्या आधी सापडत होतं.

सिंधूताईंच्या नवऱ्याचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. धंतोलीच्या एका दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर, मी त्यांना सांगितलं.

"ताई, हा नियम लावला तं तुमचं बी ऑफिस जाते."

"आकडा बदल न मंग."

"हरकरे सापडन असा कोणताही आकडा घेतला, तरी तुम्ही त्याच्या पहिले सापडता."

ऑपरेशनच्या खोलीच्या दारावर लाल दिवा जळत होता.

"हरकऱ्या भिंतीले लागते का यानं?"

"लागते."

"पक्कं?"

"पक्कं, ताई. पण तुमची सही जाईन. विहिरीचं पाणी आणाले गाडी लागली, तरी वर विचारा लागन."

"विचारीन आयुक्ताले. तो काही खाते का मले?" मग माझ्या मांडीवर थापटी मारली. "वढ रेघ. पण माही खुर्ची त्याच्या बाजूले लावजो. मले त्याचं तोंड पाहाचं आहे."

लाल दिवा विझला. नर्सनं त्यांना आत बोलावलं.


टेबल

डिसेंबर, सिव्हिल लाइन्स, नव्या जलव्यवस्था विभागाची पहिली बैठक. मी सचिवांच्या शेजारी, टेबलाशी.

तुम्ही आलात आणि पाय सवयीनं चालत गेले. खुर्ची मागे ओढलीत. शिपाई धावला. "साहेब, हे आयुक्त साहेबांची आहे." आयुक्त दारातच उभे होते, तुमच्या मुलाच्या वयाचे. तुम्ही खुर्चीची पाठ सोडलीत, पण हात तसाच हवेत राहिला. टॉवेलचा एक दोरा बोटाला लागून आला होता.

"या न हरकरेसाहेब!" भिंतीकडून सिंधूताई. खोलीभर ऐकू जाईल असा आवाज. "इथं या. जागा धरून ठेवली तुमच्यासाठी."

प्लास्टिकच्या खुर्चीवर थापटी.

तुम्ही बसलात. गुडघे जवळ, मांडीवर फाइल. चहा टेबलाभोवती फिरला, भिंतीपर्यंत आला नाही. मी माझा कप सावकाश प्यायले. थंड झाला तरी पीत राहिले. सिंधूताईंनी मला डोळा मारला.

हे इथेच संपायला हवं होतं.


कलम नऊ

मसुद्यातलं कलम नऊ मी लिहिलं नाही. जुन्या आदेशातून उचललं. सगळेच उचलतात, तेवढाच वेळ वाचतो. विलीन झालेल्या कार्यालयांचा प्रादेशिक प्रमुख म्हणून त्यांतील सेवाज्येष्ठ अधिकारी काम पाहील, एवढंच आहे त्यात.

दोन्ही कार्यालयं एकत्र आली. माणसं एका रांगेत लागली. नागपुरात सर्वांत जुने तुम्ही. तुमच्या पाठोपाठ सिंधूताई.

तुमच्यावर कोण, हे मी दहादा तपासलं होतं. तुमच्या चौकटीतून खाली रेघ कोणाकडे जाते, हे एकदाही नाही.

जानेवारीत सिंधूताईंचा फोन आला.

"सावनेरले जाचं होतं. खाणीजवळच्या विहिरी आहेत न, लोकं पाणी पिऊन राहिले तिथलं. गाडी मागाले गेली होती."

"आयुक्तांकडे?"

"काहाचे आयुक्त! त्याच्याकडे." थोडं थांबून, "उभं ठेवलं वं त्यानं मले. मोबाइलवर बोलून राहिला होता, बोलूनच राहिला. समोर तीन खुर्च्या. मंग म्हणते, बाई, अर्ज ठेवून जा."

"ताई..."

"तू त्याले खाली ढकललं न पोरी, तो माह्या डोक्यावर पडला."

हसल्या नाहीत.

"गुडघे नाही राहिले वं आता पहिलेसारखे," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.


दुसरा टप्पा

पुनर्रचनेचा दुसरा मसुदाही माझ्याकडेच आला. या वेळी खालून सुरुवात केली.

आधी विहिरी. मग त्या विहिरींपर्यंत जाणारी गाडी. मग गाडीवर सही करणाऱ्या सिंधूताई. तिथून रेघ सरळ आयुक्तांपर्यंत, मध्ये कोणी नाही. ही चौकट पेन्सिलीनं नाही, पेनानं काढली.

मग तुमची.

सचिव
|
विशेष कार्य अधिकारी: उन्मेष हरकरे

बढती म्हणा हवं तर. थेट सचिवांच्या अखत्यारीतलं पद. मसुद्यावर कोणी हरकत घेतली नाही. एकजण तर म्हणाला, मॅडम, तुम्ही हरकरेंचं चांगलं केलंत. म्हणजे टेबल परत तुमचं, साहेब. मानाची खुर्ची, धुतलेला टॉवेल, बैठकीत पहिला चहा.

आता खाली बघा. मी आधी बघायला हवं होतं तसं, नीट बघा.

रेघ नाही. कारकून नाही, शिपाई नाही, गाडी नाही, विषय नाही. तुमच्या दालनात समोर तीन खुर्च्या असतील, त्या तशाच राहू दिल्या आहेत. अर्ज घेऊन कोणी येणार नाही. मोबाइलवर कितीही वेळ बोला.

उभं ठेवायला समोर एकही माणूस नसेल.

कलम नऊ या वेळी मी स्वतः लिहिलं आहे.