मुंबईच्या वेळेचं कॅलेंडर

मी एक भिंतीवरचं कॅलेंडर बोलतोय. मराठी, बारा पानी, दर्शनी पानावर गणपती आणि पानांच्या मागे राशिभविष्य नि पाककृती. छापलो गेलो पुण्यात, पण लटकतोय लंडनच्या एजवेअरमधल्या एका स्वयंपाकघरात, फ्रिज आणि बॉयलर यांच्या मधल्या खिळ्याला.

श्रीकांतरावांनी मला सूटकेसमध्ये लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळून आणलं. माझ्या मार्चवर तेलाचा डाग आहे तो त्यामुळे, माझ्या अंगचा नव्हे. श्रीकांतराव निवृत्त जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर. त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई इथल्याच एका इस्पितळात भूलतज्ज्ञ, तेहतीस वर्षं. या जूनमध्ये त्याही निवृत्त होणार होत्या.

आल्या आल्या मला फार मान मिळाला. एकादशी कधी, संकष्टी कधी, चंद्रोदय किती वाजता, सगळं मला विचारूनच. शिवाय रद्दी-कागदाच्या कचऱ्याचा निळा डबा कुठल्या मंगळवारी बाहेर ठेवायचा, तेही माझ्याच अंगावर लिहिलेलं. मी जरा फुगलोच होतो, खोटं कशाला सांगू.

त्याच खिळ्याला माझ्या मागे गेल्या वर्षीचं कॅलेंडर अजून लटकलेलं आहे. त्यातल्या कुठल्याशा चटणीसाठी बाईंनी ते ठेवलंय. त्या म्हाताऱ्यानं मला पहिल्याच आठवड्यात सावध केलं, "बाईंचे उपास मोजू नकोस. घोळ होईल."

तो घोळ मला लवकरच कळला. ऑपरेशन थिएटरमधल्या बायका दर आठ-दहा दिवसांनी मिळून बाहेर जायच्या, कधी कुठल्या बारमध्ये, कधी नाचायला. थिएटर सिस्टर जेनेट न चुकता फोन करायची. बाई माझ्यासमोर उभ्या राहून सांगायच्या, "सो सॉरी जेनेट, आय अ‍ॅम फास्टिंग टुडे." माझ्या तोंडावर! बाई धरतात ती फक्त संकष्टी, ती माझ्याकडे महिन्यातून एकच, आणि बाईंनी एकट्या फेब्रुवारीत तीन उपास सांगितले. तिसऱ्या वेळी तर त्यांच्या दुसऱ्या हातात अर्धवट खाल्लेलं सँडविच होतं.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, नसेल आवड. पण कुकर लावला की बाई रेडिओ मोठा करायच्या आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत एकट्याच नाचायच्या. चांगल्या नाचायच्या. मला कोडं पडायचं.

मे महिन्यात त्यांची मुलगी सिया ईलिंगहून आली. तिचा जन्म इथलाच. वय एकोणतीस, कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या पालिकेत नोकरी, मराठी तिच्या सोयीनं.

"आई, जेनेटचा मला मेसेज आला. सगळ्यांना तुझ्यासाठी एक प्रॉपर नाइट आउट करायची आहे. वेन्यू मी शोधणार. प्लीज नाही म्हणू नको."

मी उपासाची वाट बघत होतो. बाईंनी ओटा पुसला, परत पुसला आणि म्हणाल्या, "नाचायला जागा असेल ना?"

मग काय, माझ्या मेच्या समासात यादी सुरू झाली. बायका सात. शोर्डिचचा गच्चीवरचा बार आवडला, पण तिथे जिना आणि एकीचा गुडघा नवा. ब्रिक्स्टनचा क्लब चांगला, पण दोघी दारू पीत नाहीत आणि तिथे त्यांच्यासाठी कोकशिवाय काही नाही. कॅम्डनमध्ये उभं राहूनच सगळं. एकीला वॉटफर्डची शेवटची ट्रेन गाठायची. माणसं आनंद करायला निघतात तेव्हा आधी इतक्या जणींच्या अडचणी लिहाव्या लागतात, हे मला माहीत नव्हतं. शेवटी सोहोतल्या एका तळघरातला डिस्को ठरला. लिफ्ट, खुर्च्या, व्हेजिटेरियन जेवण, सगळं होतं. जूनमधल्या एका शुक्रवारभोवती सियानं जाड लाल मार्करनं गोल काढला.

तो गोल काढताना त्या चौकटीतला माझा इवलासा चंद्र मार्करखाली गेला. त्या दिवशी संकष्टी होती, खरीखुरी.

बाईंच्या ते दोन दिवसांनी लक्षात आलं. हातात डाव घेऊन त्या कितीतरी वेळ माझ्यासमोर उभ्या होत्या.

"आता जेनेटला काय तोंडानं सांगू?" त्या श्रीकांतरावांना म्हणाल्या. "परत तेच म्हणायचं, माझा उपास आहे? यावेळी कोण विश्वास ठेवेल?"

"मग एक दिवस सोड."

"सियाच्या वेळी धरलाय. एकोणतीस वर्षं झाली. असा सोडता येतो का, अहो?"

त्यांनी ठरवलं, कुणाला सांगायचंच नाही. उपाशीपोटी जायचं आणि हसत राहायचं. पण श्रीकांतरावांच्या पोटात काही राहत नाही. पुढच्या रविवारी सियाला कळलंच. ती तरातरा माझ्याजवळ आली, लाल रंगाखालचे माझे आकडे बोटानं वाचले आणि ओरडली, "ओह, दॅट्स फाइन! मून दहा-पाचला येतो. किचन साडेदहापर्यंत ओपन आहे. परफेक्ट!"

मी अभिमानानं ताठ झालो. वेळेला उपयोगी पडलो!

"अगं, ती वेळ मुंबईची," बाई म्हणाल्या. "इथे जूनमध्ये पावणेबाराशिवाय उगवत नाही. आणि तळघरातून चंद्र कसा दिसणार मला?"

मला भिंतीत शिरावंसं वाटलं. पाच महिने मी या घराला दर चतुर्थीला चुकीची वेळ सांगत होतो, आणि बाई मुकाट्यानं फोनवर खरी वेळ बघत होत्या. मला कधी कुणी बोललं नाही, हे जास्त लागलं.

सियानं तारीख बदलायला जेनेटला फोन लावला, स्पीकरवर. जेनेट इंग्रजीच बोलली, पण तोवर मलाही ते कळू लागलं होतं.

"उपास?" ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "सिया, तुझ्या आईला यायचं नसेल तर तसं सांग. मला राग नाही येणार. आम्ही तिला आवडत नाही, हे मी कधीच समजून घेतलंय."

बाईंनी फोन ओढूनच घेतला. "जेनेट, या वेळचा उपास खरा आहे. आधीचे बरेचसे खोटे होते." एवढं बोलून त्या खुर्चीवर टेकल्या. "पहिल्या वर्षी मी आले होते, आठवतं? हिरवी साडी नेसून. तुम्ही सगळ्या नाचायला गेलात आणि तुमचे कोट माझ्याजवळ ठेवलेत. मी रात्रभर कोट सांभाळले. कुणी मला ये म्हटलं नाही. मला नाचायचं होतं गं."



"तू इतकी देखणी दिसत होतीस," जेनेट म्हणाली, "आणि इतकी ताठ बसली होतीस. आम्हाला वाटलं, तुमच्यात नाचत नसतील. विचारलं तर अपमान होईल. मूर्खच आम्ही."

दोघी रडल्या. सियाही रडली. मी कागद, मला परवडत नाही.

तारीख बदलायची नाही, जागा बदलायची, असं जेनेटनंच ठरवलं. सिया एकेका ठिकाणी फोन करून विचारू लागली, "तुमची गच्ची कुठल्या दिशेला आहे?" लोकांना वाटायचं, सिगरेट ओढायला हवी असेल. शेवटी ग्रिनिचला नदीकाठी एक जागा मिळाली. नाचायला लाकडी जमीन, वर जायला लिफ्ट आणि पूर्वेला मोकळी गच्ची.

त्या शुक्रवारी बाई उकडीच्या एकवीस मोदकांचा डबा पर्समध्ये घालून नाचायला गेल्या. त्याच हिरव्या साडीत.

पुढचं मी त्या परत आल्यावर ऐकलं. दारावरच्या आडदांड माणसानं पर्स तपासली, डबा उघडला आणि हे काय म्हणून विचारलं. एक मोदक हातावर ठेवल्यावर त्यानं आत सोडलं. चंद्र इमारतींच्या वर यायला बारा वाजून गेले. तोवर सातही जणींनी काही खाल्लं नव्हतं. बाईंनी लाख सांगितलं, पण कुणी ऐकेना. वॉटफर्डवाल्या बाईंनी तर ट्रेन सोडली.

"कोट कुणी सांभाळले मग?" श्रीकांतरावांनी विचारलं.

बाई खाली बघून हसायला लागल्या. साडीवर त्यांनी जो कोट घातला होता तो त्यांचा नव्हताच. जेनेटचा होता, बाह्या बोटांच्या खाली येणारा.

आता डिसेंबर चाललाय. माझी अकरा पानं मागे उलटली आहेत. माझा वारस कालच पुण्याहून आला, या खेपेला चिवड्याच्या पिशवीवर. थोड्या दिवसांनी तो या खिळ्यावर असेल आणि मी बहुतेक निळ्या डब्यात. मला त्याचं दुःख नाही. म्हाताऱ्याला चटणीनं वाचवलं, मला काय वाचवणार?

पण टाकण्याआधी मला एकदा चाळा. जूनपासून पुढे प्रत्येक संकष्टीला माझ्या छापील आकड्यांशेजारी बाईंच्या अक्षरात दुसरी वेळ आहे. जेनेट दर महिन्याला विचारते ना, यावेळी चंद्र किती वाजता? डिसेंबरात तो इथे मुंबईच्याही आधी उगवतो, पावणेसातला. आज जेनेट साडेसहालाच दारात उभी होती.

म्हणून जे कुणी आम्हाला छापतात, त्यांना एक विनंती. चतुर्थीच्या चौकटीत थोडी जागा कोरी सोडत जा. एजवेअरला एका बाईंना तिथे वेळ लिहायची असते.