कापूर घातलेली कोळंबी

व्हरांड्यातल्या लहान फ्रिजचं दार क्रांतीबाईंनी पायाच्या अंगठ्यानं उघडलं. हात लावायची त्यांची तयारी नव्हती. नाकावर पदर घट्ट दाबलेला होता, तरी वास आलाच. आत मिठात घातलेल्या कोळंबीचा डबा होता. त्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं आणि खालच्या ट्रेमध्ये पाझरलेलं करडं पाणी साचून चिकट झालं होतं. सकाळचा चहा त्यांच्या घशापर्यंत वर आला.

“आवं, काय ठेवलंय हितं? मेल्यालं उंदीर बरं ह्याच्यापरीस.”

हंबीरराव खुर्चीत बसून गळाच्या दोरीचा गुंता सोडवत होते. “मीठ लावल्यालं हाय. कुठं येतोय वास?” ते म्हणाले आणि पुन्हा गुंत्यात शिरले.

कुठं येतोय म्हणे. फाटकापाशी पेपर टाकणारा माणूस हल्ली थांबत नव्हता, लांबूनच पेपर भिरकावून जात होता. गल्लीतलं मांजर, ज्याला खरं तर हा फ्रिज म्हणजे स्वर्ग वाटायला हवा, तेसुद्धा व्हरांड्याची पायरी चढत नव्हतं. आणि हा माणूस त्याच्या शेजारी बसून शांतपणे दोरी सोडवत होता.

क्रांतीबाई खटावच्या माळकरी घरातल्या. तुळशीची माळ लग्नाआधीपासून गळ्यात होती ती बाळंतपणातसुद्धा उतरली नव्हती. सासर मात्र खाणारं. जत्रा आली की चुलतसासरे माळ खुंटीला टांगायचे, मटणावर ताव मारायचे आणि हात धुऊन पुन्हा माळ घालायचे. क्रांतीबाईंना त्या मटणापेक्षा त्या खुंटीची किळस जास्त यायची. खायचंय तर खा की, देवाला थोडा वेळ बाहेर उभा करून कसलं खाता, असं त्यांना वाटायचं. पण सुनेनं हे बोलायचं नसतं, म्हणून नाक मुरडून त्या गप्प बसायच्या. मुरडायचं म्हटलं तर त्यांचं नाक होतंही तसंच. शेजारच्या घरात दूध उतू जायच्या बेतात आलं की ह्यांना इकडं कळायचं.

अशा बाईच्या नशिबी समुद्राच्या लाटांत गळ टाकणारा नवरा आला. सैन्यात असताना हंबीररावांची बदली अंदमानात झाली आणि तिथं त्यांना हे वेड लागलं. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते साताऱ्यात गोडोलीला राहायला आले, तेव्हा ट्रंकेबरोबर माणसापेक्षा उंच काठी आली. मग महिन्यातून एकदा, कधी दोनदा, कुंभार्लीचा घाट उतरून गुहागरचा किनारा गाठायचा. एसटीतून निवृत्त झालेले लालासाहेब ड्रायव्हर गाडी चालवायचे आणि हंबीरराव गुडघाभर पाण्यात उभं राहून गळ टाकायचे. मासा मिळाला तर तो लालासाहेबांच्या घरी जायचा. घरी यायचा तो फक्त वास आणि उरलेला चारा. प्लास्टिकचा रंगीत मासा गळाला लावणाऱ्यांना हंबीरराव माणसात धरत नसत. “माशाला फसवायचं न्हाई, खाऊ घालायचं,” म्हणायचे. म्हणून कोळंबी, माकूल, तारली, वाळूतले किडे, असलं काय काय गुहागरहून आणून पुढच्या खेपेसाठी त्या फ्रिजात मीठ लावून ठेवलेलं असायचं.

इतकी वर्षं क्रांतीबाईंनी ते सोसलं होतं. पण गेल्या साल-दोन सालांत हा माणूस ताळ्यावरच राहिला नव्हता. पूर्वी डबा निगुतीनं पिशवीत गुंडाळलेला असायचा. आता झाकण उघडं, बोटं बरबटलेली, एकदा तर तोच हात पाण्याच्या माठात. बोललं की एकच उत्तर, वास कुठं येतोय. हा आपला अपमान चाललाय, अशी क्रांतीबाईंची खात्री झाली.

त्या दिवशी त्या तरातरा देवघरात गेल्या. डबीतल्या कापराच्या वड्या घेतल्या, बत्त्यानं कुटल्या, श्वास कोंडून त्या डब्यात ओतल्या आणि चमच्यानं ढवळल्या. चमचा कचऱ्यात टाकला. डबा उघडला की हंबीरराव भडकतील आणि मग एकदाचं कडाक्याचं भांडण होईल, अशी त्यांची इच्छा होती.

भांडण झालंच नाही. गाडी गुहागरला जाऊन संध्याकाळी परत आली. हंबीरराव बूट काढत म्हणाले, “मासा शिवलाबी न्हाई.” कापराबद्दल शब्द नाही. क्रांतीबाईंना वाटलं, कळून न कळल्यासारखं करतोय. पुढच्या खेपेला त्यांनी कापूर वाढवला. त्याच्या पुढच्या खेपेलाही. दरवेळी हंबीरराव रिकामे परत आले आणि दरवेळी जरा जास्त गप्प होऊन आले.

उजवा हात थरथरायला लागला होता, तो आता डावाही थरथरू लागला. चहाची कपबशी खडखडायची. शेवटी क्रांतीबाईंनी त्यांना धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई वयानं लहान, बोलायला गोड. चालून दाखवा, बोटं मिटून दाखवा, असं सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, “काका, वास येतो का नीट?”

“येतो की.”

बाईंनी डोळे मिटायला सांगून कॉफीची बाटली नाकाशी धरली. क्रांतीबाईंना ती दारापाशी बसून कळली. हंबीररावांनी लांब श्वास घेतला, पुन्हा घेतला.

“पानी हाय,” ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या. हा कंपवात आहे, हाताचं नंतर कळतं, नाक पुष्कळदा आधीच गेलेलं असतं, अगदी काही वर्षं आधी, आणि माणसाला स्वतःला पत्ता नसतो. क्रांतीबाई ऐकत होत्या आणि त्यांना तो माठ आठवत होता. ते पाणी ओतून देताना त्या काय काय बोलल्या होत्या, तेही आठवत होतं. त्यांना स्वतःची शरम वाटली. पण शरम वाटली म्हणून किळस गेली, असं काही झालं नाही. घरी आल्यावर फ्रिजसमोरून जाताना पदर नाकाला गेलाच.

हंबीररावांनी दुसऱ्या दिवशी काठीला तेल लावलं, जुन्या चादरीत गुंडाळली आणि लालासाहेबांना बोलावून घेतलं.

“घिऊन जा गड्या. माझं हात गेलं. मासाबी वळखतोय, म्हातारं आलंय म्हनून. जवळ येत न्हाई.”

“मी काय करू तिचं? मला पान्याचं भ्या वाटतंय,” लालासाहेब म्हणाले.

“कुनाला तरी दे. घरात नगं.”

स्वयंपाकघराच्या दारात क्रांतीबाई ऐकत उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी देवापुढं दुसरं काही मागितलं नसेल, इतक्यांदा हेच मागितलं होतं, की ती काठी घरातनं जाऊ दे. आता ती चालली होती. व्हरांडा धुऊन काढता आला असता, फ्रिज भंगारात देता आला असता. पण हंबीरराव चादरीची गाठ मारायला बघत होते आणि गाठ बसत नव्हती. लालासाहेब नजर वळवून अंगणाकडं बघत होते. कापूर आपण घातला आणि हा माणूस समजतोय, आपण संपलो. हे घेऊन उरलेलं आयुष्य त्याच्यासमोर ताट वाढायचं, हे क्रांतीबाईंना त्या वासापेक्षा जड गेलं.

“काठी गाडीत ठिवा,” त्या म्हणाल्या. “रविवारी मीबी येनार हाय.”

गुहागरच्या मासळीबाजारात शिरताना क्रांतीबाईंनी सवयीनं पदर नाकाला लावला आणि मग काढला. आज नाक उघडं ठेवायचं होतं. पायाखाली खवल्यांचा चिखल होता आणि माश्या ओठांवर बसत होत्या. हंबीरराव नेहमीच्या सवयीनं कोळंबीच्या पहिल्याच टोपलीपाशी वाकले.

“आत्ताच होडी लागली, वयनी,” विकणारी म्हणाली.

क्रांतीबाईंनी वाकून वास घेतला. गोठ्यात साचलेल्या मुतासारखा भपकारा थेट डोळ्यांत गेला. “ही शिळी हाय,” त्या म्हणाल्या आणि ओकारी आवरत पुढं गेल्या. दुसरी टोपली तशीच. तिसरीला वरून बरा, खाली हात घातला तर घाण. हंबीरराव मागोमाग मुकाट चालत होते. कितीतरी खेपा आपण पहिल्याच टोपलीतली घेत होतो, हे त्यांच्या ध्यानात येत असावं. अगदी कडेच्या म्हातारीच्या पाटीपाशी क्रांतीबाई थांबल्या. हिचा वास वेगळा होता. घाणच, पण खारट, ओल्या दगडासारखी, जिवंत घाण.

“ही घ्या,” त्या म्हणाल्या आणि बाजूला जाऊन भिंतीला धरून ओकल्या.

किनाऱ्यावर लालासाहेब गाडीतच लवंडले. क्रांतीबाईंनी गळ्यातली माळ काढली. टांगायला खुंटी नव्हती, गाडीतला आरसा होता. चुलतसासरे आठवले. त्यांनी मान फिरवून माळ आरशाला अडकवली आणि वाळूतून चालत गेल्या.

हंबीरराव कोळंबी गळाला लावायची खटपट करत होते. गळाचं टोक बोटात घुसत होतं, कोळंबी निसटून वाळूत पडत होती.

“आना हिकडं,” क्रांतीबाई म्हणाल्या.

“तुला न्हाई जमायचं. तुला शिसारी येती.”

“येती तर येती. सांगा कसं लावायचं.”

त्यांनी सांगितलं. शेपटीचा पंखा मोडायचा, तिथून गळ आत घालायचा, अंगातनं सरळ फिरवत न्यायचा, टोक बाहेर काढायचं. डोकं ठेवायचं, त्यातल्या रसावरच मासा येतो. मग बारीक दोरा गुंडाळायचा, नाहीतर लाट सगळं ओरबाडून नेते. क्रांतीबाईंच्या बोटांखाली ते थंड, बुळबुळीत अंग दबलं, पाय नखात अडकले, पिवळा रस मनगटावर ओघळला. त्यांच्या सबंध अंगावर काटा उभा होता. पण हात सुईदोऱ्याला सरावलेले, गळ सरळ गेला.

दोरा गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, “चाऱ्यात कापूर मी घालत हुते.”

लाटा येत होत्या. हंबीररावांनी वाळूत पडलेली कोळंबी उचलली.

“कापूर,” ते म्हणाले. “म्हंजे माशांची आरती करत हुतो व्हय मी.”

क्रांतीबाईंना हसू आलं नाही. हंबीररावांनाही आलं नाही.

“मला वाटलं, माझंच संपलं सगळं,” ते म्हणाले.

“मला वाटलं, तुमी मुद्दाम करताय.”

फेकायला मात्र हंबीररावांच्या हातांनी साथ दिली. दोन्ही हातांनी काठी धरून त्यांनी सगळं अंग वळवलं, शिसाचं वजन लाटेपलीकडं जाऊन पडलं. काठी वाळूत रोवलेल्या नळीत ठेवली आणि दोघं शेजारी बसले. काठीला आता कुणाचाच हात नव्हता. तरी थोड्या वेळानं शेंडा हलला. मग जोरात वाकला आणि सुटला.

हंबीररावांनी दोरी गुंडाळून आणली. गळ रिकामा होता. दोऱ्यात फक्त कवचाचा एक तुकडा अडकला होता. तो त्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिला.

“खाल्ला गं,” ते म्हणाले. “कुनीतरी खाल्ला.”

क्रांतीबाईंनी दुसरी कोळंबी उचलली. मग तिसरी. कुणी अडकलं नाही, पण चारा दरवेळी कुरतडून गेला. हंबीरराव प्रत्येक वेळी गळ निरखत होते आणि त्यांचा चेहरा उजळत होता.

निघायची वेळ झाली तेव्हा क्रांतीबाईंनी हात वाळूनं घासले, खाऱ्या पाण्यानं धुतले, लिंबू चोळलं, साबण लावला. हुंगून पाहिलं. वास नखांच्या मुळाशी जाऊन बसला होता.

“ग्येला का?” हंबीररावांनी विचारलं.

“न्हाई.”

गाडीपाशी येऊन त्या आरशाला टांगलेल्या माळेकडं बघत राहिल्या. हात पुढं केला आणि मागं घेतला. ह्या हातांनी ती धरणं त्यांच्यानं होईना.

“आवं,” त्या म्हणाल्या, “तुमच्या हाताला माझ्याइतका वास न्हाई. तुमीच घाला.”

हंबीररावांनी पंच्याला हात पुसून माळ काढून घेतली. त्यांच्या बोटांत मणी एकमेकांवर खडखडत होते. माळ कपाळावरून घसरली, मग अंबाड्यात अडकली, त्यांनी ती सोडवली, ती पुन्हा अडकली. लालासाहेबांनी गाडी चालू करून बंद केली. क्रांतीबाई आपले दोन्ही हात अंगापासून लांब धरून, मान खाली घालून उभ्या राहिल्या.