दोघांचा बाक

त्या बाकानं ना ताकद वाढे, ना जीव वाचे. गेममधला दुकानदारही तो फुकटात घेत नव्हता. पण दिसाले भल्ला देखणा! लाल लाकूड, हाताले पितळी वाघ, आणि वर बसलं की मागं आपोआप झाड उगवे, झाडाले दिवे लागत. अट एकच, बसाले दोघं लागत. एकट्यानं दाबलं की पाटी येई, 'सोबती निवडा'. चौदा वर्षं मी ती पाटी पाहून राहिलो.

मी अश्विन. नंदनवन कॉलनीत राहतो, एकटाच. आई गेल्यापासून घरात कुकरच तेवढा बोलते.

पियुष उमरेडचा. पॉलिटेक्निकले आम्ही सोबत होतो, म्हणजे क्लास बुडवून नेट कॅफेत सोबत होतो. गेममधलं त्याचं नाव 'उमरेडचा वाघ'. वाघ कसला, पाल दिसली तर खुर्चीवर चढणारा प्राणी! आमचा नियम ठरला होता, सापडलेली वस्तू एकदा त्याची, एकदा माही. अकरा महिने गेममधल्या एका अस्वलाच्या मागं होतो, आणि ज्या दिवशी ते मेलं आणि त्यातून बाक पडला, त्या दिवशी पाळी पियुषची होती. नेमका तेव्हाच त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. मी बाक उचलला. एकदा उचलला की उचलणाऱ्याचाच, दुसऱ्याले देताच येत नव्हता. पियुष आत आला, स्क्रीनकडं पाहिलं, बॅग घेतली आणि एक शब्द न बोलता गेला. परत आलाच नाही.

खरं सांगतो, मले रागच आला. एका बाकासाठी एवढा भाव खाते? जा ना मग, कोणाचं अडलं! दोन-चार महिन्यांत राग निघून गेला, लाज राहिली. लाजेपायी मी फोन केला नाही. मग इतकी वर्षं होऊन गेली की कराचा तरी कसा?

मागच्या महिन्यात गेममध्ये सूचना आली. येत्या रविवारी दुपारी चारले गेम कायमचा बंद. बाक परत देता येत नव्हता, पण पियुषले एकदा त्यावर बसवाचं होतं, माह्या बाजूले. बस्स, एवढंच. शनिवारी दुपारी एसटी धरली आणि उमरेडले उतरलो.

पियुष कोळशाच्या खदानीतून पहिली पाळी करून नुकताच आला होता. डोक्यावर केस नाही, पोट सुटलेलं. "अबे अश्विन!" म्हणून कडकडून भेटला. त्याच्या आईले, कौसल्याकाकूले, मी जय भीम केला. काकूनं चहा टाकला. मी एका दमात बाकाचं सांगून टाकलं आणि माफी मागितली.

"कोणता बाक बे?" पियुष म्हणे.

मी सगळं पुन्हा सांगितलं. तो हसाले लागला. "येडा आहेस का गा? त्या दिवशी घरून फोन होता. बाबाले अटॅक आला होता. मी पोचलो तवर गेले होते. मग त्यांच्या जागी मी लागलो खदानीत. गेम कोणाले आठवते!"

काकूनं कप माह्यासमोर ठेवला. "तू मौतीले आला नाही रे. हा सारखा दाराकडं पाहे. अश्विन येईन म्हणे."

"जाऊ दे ना आई," पियुष म्हणे.

एक फोन केला असता तर कळलं असतं. एक फोन!

निघताना तरीही विचारलंच, "उद्या चारच्या आधी पाच मिनिटं गेममध्ये येशीन?"

"उद्या ड्युटी लागली बाप्पा. तूच बसव ना मले! पासवर्ड तोच असन. आईचं नाव, अन्..."

"अन् तुह्या जुन्या गाडीचा नंबर."

त्याले तो नंबर आठवत नव्हता. मले होता.

रविवारी साडेतीनले टेबलावर दोन लॅपटॉप मांडले, एक माहा, एक ऑफिसचा. उजव्या हातानं मी, डाव्या हातानं पियुष. उमरेडचा वाघ त्याच जुन्या कपड्यांत उभा होता. पाटी आली, 'सोबती निवडा'. मी त्याले निवडलं आणि त्याच्या वतीनं मीच हो म्हटलं. दोघं बसले. झाड उगवलं, दिवे लागले. इतकं सुंदर दिसून राहिलं होतं, आणि पाहाले मी एकटा.

चाराले चार मिनिटं कमी होती. त्या दिवशी तो फोन घेऊन आत आला तेव्हा जे विचाराचं होतं, ते मी आता टाईप केलं. "काय झालं गा? फोन कोणाचा होता?"

दुसऱ्या लॅपटॉपवर प्रश्न दिसला. खाली उत्तराची जागा रिकामी होती. उत्तर मले कालच कळलं होतं, पण ते मी लिहाचं नव्हतं. डावा हात मांडीवर ठेवून मी चार वाजेपर्यंत त्याच्या उत्तराची वाट पाहिली.