रिस्पाची राखण

श्रावणातल्या वादळात दिघीहून निघालेली एक बार्ज समुद्रात बुडाली आणि आठवडाभराने तिच्यावरच्या दोन माणसांची प्रेतं चौलजवळच्या एका लहान गावाच्या किनाऱ्याला लागली. चेहरे उरले नव्हते. पोलिसांनी पंचनामा केला, सरकारी डॉक्टरांनी सुरूच्या बनातच आडोसा करून तपासणी उरकली, ओळख पटवायला नमुने मुंबईला पाठवले. मग आता यांना ठेवायचं कुठे, असं फौजदारांनी सरपंचांना विचारलं.

सरपंच होती अंबिका. नारळी-पोफळीच्या वाडीची मालकीण, शिकलेली, गावाने बिनविरोध निवडून दिलेली. तिने शेजारी उभ्या असलेल्या शिवदासकाकांकडे पाहिलं. देवस्थान आणि स्मशान, दोन्हींचा कारभार काकांकडे. ते म्हणाले, "जात माहीत नाही, धर्म माहीत नाही. गावच्या स्मशानात नको." मागच्या माणसांनी माना हलवल्या. अंबिकाला वास सहन होत नव्हता. "इथेच वाळूत पुरा," ती म्हणाली आणि नाकाला पदर लावून घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून जनी तिथे येऊन बसली.

जनी आतल्या भातशेतीच्या वाडीतली. नवरा केव्हाच गेलेला. एकुलता एक मुलगा, हर्षद, त्याच बार्जवर खलाशी होता. पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी तिला दोघांनाही दाखवलं होतं. यातला तुझा कोणता, असं विचारल्यावर तिने बराच वेळ पाहिलं आणि "मना म्हाईत न्हाय" एवढंच म्हणाली.

खड्डे उथळ होते. उधाणाला पाणी बनात शिरायचं, वरची वाळू ओढून न्यायचं, आणि पाणी ओसरलं की कुत्री यायची. जनी काठी घेऊन बसायची. दिवसा कावळे हाकायची, दिवस कलला की कुत्री. वाळू उघडी पडली तर ओंजळीने परत लोटायची. "हाऽड! हाऽड!" तो आवाज वाऱ्याबरोबर वाडी ओलांडून अंबिकाच्या स्वयंपाकघरात यायचा. आधी तो फक्त तिन्हीसांजेला यायचा. मग तिला तो पंचायतीच्या कचेरीत ऐकू येऊ लागला, अलिबागच्या बाजारात भाजी निवडताना ऐकू येऊ लागला. एकदा जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, "ऐकलंस?" अजेयने घास हातात धरून कान दिला. "काय?" तो म्हणाला. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

गावात कुजबुज सुरू झाली. मासेमार भिकू बनाच्या पलीकडे पाग जाळं टाकायला जायचा. त्याने जायचं सोडलं. जनीच्या दोन्ही अंगांना दोन माणसं बसलेली असतात, तो सांगायचा. काही करत नाहीत, नुसती बसतात. कपडे ओले असतात.

भाद्रपद सरत आला तसे शिवदासकाका अंबिकाकडे आले. "दिवाळीला पाहुणे यायला लागतील. किहीमसारखी आपल्याकडेही आता कुठे चार कॉटेजं उभी राहिली आहेत. किनाऱ्यावर वेडी बाई भुतं राखत बसलीय म्हटल्यावर कोण येईल? तिला उठव. शब्दाने नाही उठली तर पोलिसांना सांग. सरपंच कशासाठी केलंय तुला?"

"बघते," अंबिका म्हणाली.

दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी वाडीतले नारळ पोत्यात भरून रेवदंड्याला मलकाबाई दिवेकरांकडे निघाली. मलकाबाई तिच्या शाळेतल्या मराठीच्या बाई, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या. त्यांच्या नव्याच्या सणाला, म्हणजे नव्या वर्षाला, खिरीसाठी अंबिकाच्या माहेरचे नारळ जायचे, पुढे सासरचे जायला लागले. एरवी ती गड्याबरोबर पाठवायची. यंदा स्वतःच गेली.

मुलं, नातवंडं सगळी इस्राएलला, बाई एकट्या. त्यांनी पाट दिला, नारळाच्या दुधातली खीर दिली. अंबिकाने चमचा उचलला आणि तसाच ठेवला.

"काय ऐकतेयस?" बाईंनी विचारलं.

मग अंबिकाने सगळं सांगितलं. बाई मध्ये बोलल्या नाहीत. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "माझे बाबा कीर्तन करायचे, तुला माहीत आहे. दावीद राजा हे त्यांचं खास आख्यान. गोफणीने राक्षस मारला, तिथे लोक टाळ्या पिटायचे. पण त्याच दाविदाची एक गोष्ट त्यांनी आयुष्यात एकदाच लावली. अर्ध्या बायका उठून गेल्या."

"कुठली?"

"रिस्पाची. दाविदाच्या आधीचा राजा शाऊल, त्याची ती रखेल. शाऊलने गिबोनी लोकांची कत्तल केली होती. तो मेला, दावीद गादीवर आला, पुढे तीन वर्षं दुष्काळ पडला. देवाने सांगितलं, शाऊलच्या हातचं रक्त आहे हे. दाविदाने गिबोनींना विचारलं, काय देऊ म्हणजे फिटेल? ते म्हणाले, शाऊलच्या वंशातले सात जण दे. राजा म्हणाला, देतो. त्यात रिस्पाचे दोन मुलगे. सातही जणांना डोंगरावर फाशी दिलं आणि तसेच ठेवले."

अंबिकाने खिरीची वाटी बाजूला सरकवली.

"सातूची कापणी सुरू झाली होती. रिस्पाने गोणपाट घेतलं, खडकावर अंथरलं आणि बसली. पाऊस पडेपर्यंत बसली. दिवसा पाखरांना शिवू दिलं नाही, रात्री जनावरांना. सातांमधले पाच तिचे नव्हते. तरी सातांना राखलं."

"राजा वाईट होता का, बाई?"

"नाही ग. तेच तर. देवाचा आवडता राजा. लोकांनीच हट्टाने राजा मागितला होता. शमुवेल संदेष्ट्याने त्यांना बजावलं होतं, राजा म्हणजे तुमची पोरं नेणारा माणूस. लोक म्हणाले, असू दे, आम्हाला हवा." बाईंनी पदराने चष्मा पुसला. "दाविदाला कुणीतरी कळवलं, ती बाई काय करतेय ते. त्याने तिला उठवलं नाही. स्वतः गेला, शाऊलची आणि त्याच्या मुलाची, योनाथानची, परमुलखात पडलेली हाडं घेऊन आला, या सातांची गोळा केली, आणि सगळ्यांना त्यांच्या वाडवडिलांच्या जागी पुरलं. आणि पोथीत काय लिहिलंय सांगू? त्यानंतर देवाने देशाची विनवणी ऐकली. फाशीनंतर नाही. पुरल्यानंतर."

परतताना अंबिका घरी गेली नाही. गाडी रस्त्यावर ठेवून बनात शिरली. ऊन उतरलं होतं. जनी दोन उंचवट्यांच्या मध्ये बसली होती. तिच्यासमोर करवंट्या होत्या, प्रत्येकीत थोडा भात. अंबिका थोडी लांब, वाळूत बसली.

"उठवाय आलीस?" जनीने विचारलं.

"नाही. हा भात कुणाला?"

"ह्यांना."

काळोख दाटायला लागला तशी तीन कुत्री बनाच्या कडेला येऊन उभी राहिली. जनी उठली नाही. तिने काठी अंबिकाच्या हातात दिली. अंबिका उठून ओरडली आणि तिला आपलाच आवाज ओळखू आला नाही. कुत्री हलली, पण तिच्याकडे पाहून नाही. तिच्या मागे काहीतरी पाहिल्यासारखी शेपट्या पायांत घालून मागे सरली. तिने वळून पाहिलं नाही. मानेवर खारट, गार वारा लागत होता आणि सुरूची एकही काडी हलत नव्हती.

"थोरला बोलतो," जनी एका उंचवट्याकडे हात करून म्हणाली. "धाकटा न्हाय बोलत."

"काय बोलतो?"

"इचारतो, आमाला हितं कोनी ठेवला?"

अंबिका सावकाश खाली बसली, यावेळी जवळ, उंचवट्याला हात लागेल इतकी.

"मी," ती म्हणाली. जनीला नाही, वाळूला.

पुढचे काही दिवस ती तहसील कचेरी आणि पोलीस ठाणे यांच्यात फेऱ्या मारत राहिली. दोघांना उकरून स्मशानात हलवायची परवानगी मिळाली. ज्या सकाळी पोलीस आणि डॉक्टर आले, त्या सकाळी स्मशानाच्या फाटकाला कुलूप होतं आणि फाटकासमोर शिवदासकाका उभे होते.

"तू सरपंच आहेस," ते म्हणाले. "राजा नव्हेस."

"राजा असते तर हुकूम दिला असता, काका. मी चावी मागतेय."

"गाव काय म्हणेल?"

"मी वाळूत पुरा म्हणाले तेव्हा गाव काहीच म्हणालं नव्हतं. माझ्याच तोंडून ते निघालं. आता मीच आणलंय त्यांना."

काका तिच्या खांद्यापलीकडे पाहत होते. तिथे चादरीत गुंडाळलेली दोघं होती, आणि एका चादरीचं टोक अजेयने धरलं होतं, दुसरीचं भिकूने. काकांनी खिशातून चावी काढली, दगडी गडग्यावर ठेवली आणि मागे न बघता निघून गेले.

माणसं आठ-दहाच आली. आंब्याखालच्या उंच जागी खोल खड्डे खणले. धर्म माहीत नव्हता, तेव्हा कुणी मंत्र म्हटले नाहीत. अंबिकाने एका चादरीचं टोक धरून स्वतः खाली उतरवलं. जनीने मूठभर माती टाकली आणि काठी तिथेच ठेवून वाडीकडे चालू लागली.

मुंबईहून नमुन्यांचा निकाल दिवाळीनंतर आला. दोघांतला एकही हर्षद नव्हता. फौजदारांनी अंबिकाला फोन केला आणि ते सांगायला ती जनीच्या घरी गेली. जनी ओट्यावर भात पाखडत होती. ऐकून तिचं सूप थांबलं नाही.

"मना ठाव व्हता," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पयल्याच दिशी. माज्या हर्षदच्या डाव्या पायाला सा बोटां व्हती."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"सांगितला असता तर मना तितं बसू दिली असती?" जनीने सूप खाली ठेवलं. "माजा कुठंतरी लागला आसंल. तितं कोन बसला आसंल का न्हाय, कोनाला इचारू?"

अंबिका ओट्यावर बसून राहिली. जनीने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

थोरल्याची ओळख पटली होती. त्याचं नाव दैतारी. ओडिशातून त्याचा भाऊ आला, अंबिकाने त्याला आंब्याखाली नेलं. तो बराच वेळ उकिडवा बसला, मग त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, इतके दिवस राखण केली ती बाई कोणती? जनी गडग्यापाशी उभी होती. त्याने गावी आईला फोन लावला आणि जनीच्या हातात दिला.

पलीकडून म्हातारी तिच्या भाषेत बोलत होती, रडत होती, पुन्हा बोलत होती. जनीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तिने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि आपल्या बोलीत सांगायला लागली. जागा उंचावर हाय. पानी येत न्हाय. तुजा पोर लय बोलायचा. दुसरा एक हाय, त्याचं नाव कोनाला म्हाईत न्हाय, तो त्याच्या बाजूलाच हाय.